प्रतिसाद: आयटीआय झालेला वायरमन कोकणातल्या लोटे गावच्या केमिकल कंपनीत चालतो का?

नुसत्या आयटीआय प्रमाणपत्रावर नाही चालत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे (२०१० चे गेले, आता २०२३ चे लागू) राज्याचा वायरमन परवाना किंवा पर्यवेक्षक प्रमाणपत्र असलेल्यालाच कामावर नेमता येतं. नेमणूकही लेखी हवी; नाव आणि कामाची व्याप्ती नोंदवहीत असावी, विद्युत निरीक्षक ती मागतात.

आता खरी गोम. या परवान्याच्या अभ्यासात ज्वलनशील वायूचं क्षेत्र जवळपास नसतंच. लोटे, महाड, रोह्याला सॉल्व्हेंट (ज्वलनशील द्रावक) हाताळणाऱ्या प्लांटमध्ये जाणार असाल तर स्फोटक वायूच्या जागेतल्या विद्युत उपकरणांच्या आयएस/आयईसी ६००७९ या मानक मालिकेतले १४ (उभारणी) आणि १७ (तपासणी) हे भाग वाचाच. झोन ० मध्ये (जिथे ज्वलनशील वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो) फ्लेमप्रूफ दिवा, म्हणजे आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणाऱ्या पेटीतला दिवा, चालत नाही. इथर हा सॉल्व्हेंट सुमारे १६० अंशांना आपोआप पेटतो, म्हणून २०० अंशांपर्यंत तापू शकणारं टी३ तापमान-वर्गाचं उपकरण तिथे बाद. टी४ (कमाल १३५ अंश) घ्या.

चुका बहुतेक ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते तिथल्या जोडापाशी) होतात. समांतर आट्यांचे किमान पाच पूर्ण आटे बसले पाहिजेत. रिकाम्या भोकाला प्रमाणित स्टॉपर प्लगच लावा, एमसील नव्हे! आपल्याकडे खाऱ्या हवेने फ्लेमप्रूफ पेटीच्या जोडपृष्ठांवर (झाकण पेटीला टेकतं तिथे) गंज चढतो. तो पॉलिश पेपरने घासला की फट वाढते आणि आतली ज्वाळा बाहेर पडू शकते. रंगही लावू नका. उत्पादकाने सांगितलेलं न सुकणारं ग्रीस पातळ लावा. बोल्ट एकही कमी नको.