मदत हवी आहे: लहान मुलं की म्हातारी माणसं, एकच गट सांगा म्हणतात, काय करू?

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. आमच्या गावात समाजमंदिराच्या दोन खोल्यांत आम्ही आठ-दहा जण दोन वर्षांपासून लोकवर्गणीवर अभ्यासिका चालवून राहिलो. नाव अभ्यासिका, पण सकाळी पोलीस भरतीवाले पोरंपोरी, दुपारी म्हातारी मंडळी (घरचे सगळे वावरात, एकट्यानं घरी बसून करायचं काय?), शाळा सुटली की पोट्टे. मंगळवारी आशाताई येऊन बीपी पाहून देतात.

सत्तरीतल्या एक आजी नातीसोबत बसून अक्षरं गिरवायला लागल्या. मागच्या महिन्यात एसटीची पाटी स्वतः वाचून एकट्या अकोल्याला डोळे दाखवायला गेल्या आणि संध्याकाळी घरी न जाता आधी खोलीवर आल्या, अर्धं तिकीट दाखवायला. ते तिकीट आम्ही हजेरीच्या रजिस्टरात चिकटवून ठेवलंय.

आता अडचण. तूर निघाली की लोक पायली-दोन पायली द्यायचे, ती विकून लाईटबिल आणि पेपरचं बिल भागायचं, यंदा तुरीनंच दगा दिला तर मागायचं कोणाले? एका कंपनीचे सीएसआरवाले (नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करणारे) येऊन गेले, काम आवडलं म्हणाले, पण रजिस्ट्रेशन पाहिजे आणि लाभार्थी गट एकच सांगा, मुलं नाहीतर ज्येष्ठ. आता आजीले बाहेर काढू का नातीले? पुण्यात नोकरीला असलेला गावातलाच एक जण २५,००० द्यायला तयार आहे, त्याला ८०जीची (देणगीवर आयकरात सूट मिळते ती) पावती पाहिजे. आमच्याकडं काहीच नाही. सुरुवात कुठून करायची, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
दादा, आधी संस्था नोंदवा. कमीत कमी ७ सभासद लागतात, १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीचं काम जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होते. संस्थेच्या घटनेत उद्देश लिहिताना घाई करू नका, शिक्षण, आरोग्य, ज्येष्ठांची सोय सगळं स्पष्ट लिहा, नंतर बदलायचं म्हटलं की लय चकरा होतात. मग पॅन, बँक खातं, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट मिळायची नोंदणी) आणि ८०जी. पुण्याच्या भाऊले सांगा पैसे खात्यातूनच टाक, २००० च्या वर रोख दिले तर त्याला सूट मिळत नाही.
एकच गट पाहिजे असं कायद्यात कुठंही नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण पण आहे आणि ज्येष्ठांसाठी डे केअर सेंटर पण. ती त्या कंपनीची स्वतःची पॉलिसी असेल. जागा एकच ठेवा, प्रस्तावात वेळेप्रमाणे दोन भाग दाखवा. पण बाहेरच्या संस्थेला सीएसआरसाठी तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून तोवर तालुक्यातली एखादी जुनी, स्वच्छ हिशोबाची संस्था सोबत घ्या.

धागाकर्ता:
खूप खूप आभार ताई, डोक्यावरचं ओझंच उतरलं. सातात दोन म्हातारे आणि भरतीवाली एक पोरगी घेतो, अठरा पूर्ण आहे तिला. अजून एक, समाजमंदिर ग्रामपंचायतीचं आहे, संस्थेचा पत्ता तोच टाकायचा तर नाहरकत ग्रामसेवकाची सही चालते का मासिक सभेचा ठरावच लागतो?