मदत हवी आहे : बेल्ट ग्राइंडरला मोटर २ पोल की ४ पोल?

नमस्कार मंडळी. चाकू बनवण्यासाठी २ × ७२ इंची पट्ट्याचा ग्राइंडर बांधायला घेतलाय. सांगाडा आणि चाकं तयार आहेत, गाडी मोटरपाशी अडलीय.

वीज सिंगल फेज, २३० व्होल्ट. म्हणून सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि त्यावर २ एचपी थ्री फेज मोटर, एवढं पक्कं. बॉडी अर्थातच बंद, लोखंडाची धूळ आत नको.

प्रश्न पोलचा, म्हणजे मोटरमधल्या चुंबकीय ध्रुवांचा; ते जितके कमी तितकी मोटर वेगात फिरते. ड्राइव्ह व्हील १०० मिमीचं आहे. ४ पोलला १४४० आरपीएम धरले तर ५० हर्ट्झला पट्टा सेकंदाला जेमतेम साडेसात मीटर धावतो. सिरॅमिक पट्ट्यावर बेव्हल (धारेकडचा उतार) काढायला हे फारच हळू. १०० हर्ट्झवर नेलं तर १५ मीटर मिळतात, पण ५० च्या पुढे टॉर्क (फिरवण्याचा जोर) उतरत जातो. पातं जरा जोरात दाबलं की मोटर बसणार. २ पोलला तोच वेग सरळ मिळतो. मात्र कडक केलेल्या पात्याचं पाणी उतरू नये म्हणून १५ हर्ट्झवर काम करायचं, तेव्हा मोटरचा स्वतःचा पंखाही रांगतो. तासभर असं चालवलं तर मोटर किती तापते? ज्यांनी चालवलीय त्यांनीच सांगा, कॅटलॉग वाचून झालेत.

बघून ठेवलेल्या मोटरच्या पाटीवर २३०/४०० व्होल्ट डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) आहे, म्हणजे २३० साठी डेल्टात जोडायची, बरोबर ना? आणि व्हीएफडी आयपी६५ (धूळ आत न जाणारा) चाच घ्यावा, की आयपी२० वाला (धूळ न अडवणारा) बंद डब्यात चालेल? डब्यात तो गुदमरेल असं वाटतंय.