टॉर्च, विजेरी की बॅटरी?

गेल्या आठवड्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत मीटर बदलायचं काम होतं. रात्री आठ ते अकरा वीज बंद राहणार होती. सेक्रेटरींनी सूचना इंग्रजीत लिहिली आणि तिचं मराठी मोबाईलकडून करून घेतलं. फलकावर आलं ते असं : 'जिन्यातून ये-जा करताना रहिवाशांनी मशाल सोबत ठेवावी.' ठाण्यात मशाल म्हटलं की आधी निवडणूक आठवते. तासाभरात कुणीतरी पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'मोर्चा कुठून निघणार?'

हसून झालं, पण दोष एकट्या मोबाईलचा नाही. इंग्रजीतच गोंधळ आहे. ब्रिटिश इंग्रजीत जळती मशालही टॉर्च आणि सेलवर चालणारा हातातला दिवाही टॉर्च. अमेरिकेत दुसऱ्याला फ्लॅशलाइट म्हणतात. तिथे टॉर्च म्हणजे आगच, आणि क्रियापद म्हणून वापरला तर 'पेटवून देणे'. आपल्या निवडणूक आयोगालाही यातून वाट काढावी लागली आहे. 2022 साली शिवसेनेच्या ठाकरे गटाला मिळालेलं चिन्ह 'फ्लेमिंग टॉर्च' आणि कमल हासन यांच्या पक्षाचं 'बॅटरी टॉर्च'. नुसतं टॉर्च लिहून भागलं नसतं.

फ्लॅशलाइट हे नाव मात्र प्रामाणिक आहे. डेव्हिड मिसेल यांना न्यूयॉर्कमध्ये 10 जानेवारी 1899 रोजी अशा दिव्याचं पेटंट मिळालं. नळीत एकामागे एक सेल, टोकाला बल्ब आणि मागे परावर्तक. तेव्हाचे सेल इतके अशक्त की दिवा सतत जाळणं परवडत नसे. क्षणभर चमकवायचा आणि बंद करायचा. म्हणून फ्लॅश. आज मोबाईलचा दिवा तासभर जळतो, तरी पोरं 'फ्लॅश मार' म्हणतातच.

टॉर्च शब्दाचं मूळ मला जास्त गमतीचं वाटतं. फ्रेंचमार्गे तो लॅटिनमधल्या 'पिळणे' या अर्थाच्या धातूपर्यंत जातो. यंत्रवाल्यांचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, त्याचाच भाऊबंद. चिंध्या पिळून, तेलात बुडवून पेटवायच्या, ती टॉर्च. गोंधळी नाचवतो तो पोतही कापडाला पीळ देऊनच करतात. आणि आपला पलिता फारसीतून आला असला, तरी मागे अरबी 'फतल' आहे, म्हणजे पुन्हा पिळणंच! पलिता तोफेला बत्ती द्यायलाही वापरत. बॅटरी या शब्दाचा इंग्रजीतला एक जुना अर्थ काय, तर तोफांची रांग. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1749 च्या सुमारास वीज साठवणारी काचेची तावदानं एकापुढे एक जोडली आणि त्या रांगेला तेच नाव दिलं. म्हणजे बॅटरीवरच्या टॉर्चमध्ये पलिता आणि तोफखाना एकत्र नांदतात. (चर्चेत एका काकांनी ठाण्यातल्या टेंभी नाक्याचं नातं टेंभ्याशी, म्हणजे मशालीशी, जोडलं. नुसत्या नादावरून सोयरीक जमवू नये, असं माझं मत. टेंभा मिरवणं वेगळं.)

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी 'मशाल' खोडून 'विजेरी' लिहिलं. शब्द देखणा आहे, मला आवडतो. पण त्यात 'वीज' एवढंच कळतं. दिवा की सेल, ते कळत नाही, आणि लोक तो दोन्हींसाठी वापरतात. त्यात आता वर्तमानपत्रं विजेवर चालणाऱ्या गाड्यांना विजेरी वाहनं म्हणू लागली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, 'अहो, जिन्यातून गाडी कशी न्यायची?'

माझ्या आईच्या तोंडी कायम बॅटरीच होता. 'बॅटरी घे रे, पायाखाली बघ.' इंग्रजीत बॅटरी म्हणजे आतला माल, आपण तो शब्द अख्ख्या वस्तूला दिला आणि आतल्या मालाला सेल म्हटलं. चष्मेवाल्या पोराला 'डबल बॅटरी' चिडवतात तेही दिव्यामुळेच, सेलमुळे नव्हे. यावर तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, 'मग इन्व्हर्टरची बॅटरी कुठली?' मुद्दा बरोबर. पण बोलताना आपली गल्लत होत नाही, कारण निवाडा क्रियापद करतं. मारतात आणि दाखवतात ती दिव्याची बॅटरी. उतरते, फुगते, चार्ज होते ती दुसरी. एक 'लावणे' तेवढं फितूर आहे. 'मोबाईलची बॅटरी लाव' म्हटल्यावर माझा मुलगा फोन चार्जरला जोडून मोकळा होतो आणि मी अंधारात कुलूप चाचपत उभा.

मी सुचवलेला मजकूर असा होता : 'जिन्यात अंधार असेल, बॅटरी मारत यावे.' 'मारत' हा शब्द सूचनेत शोभत नाही, असं कमिटीचं म्हणणं पडलं. शेवटी फलकावर 'टॉर्च' लागला, देवनागरीत. वॉचमनला वाचून दाखवला तर तो म्हणाला, 'अच्छा, बॅटरी!'