६ मेकॅनिक, ३१२ लिफ्ट आणि मधे रेल्वे लाइन: एरिया कसे पाडायचे?

लिफ्टवाला जोगेश्वरीकर

मंडळी, नमस्कार. वडिलांपासूनचा लिफ्ट मेंटेनन्सचा धंदा आहे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, पूर्व-पश्चिम दोन्हीकडे मिळून १४८ सोसायट्या, ३१२ लिफ्ट, आणि मेकॅनिक ६. बाबांनी वहीवर एरिया पाडले होते: प्रत्येकाला ५२ लिफ्ट. दिसायला एकदम न्याय. पण जोगेश्वरी पूर्वेचा माझा माणूस रात्री दहाला हातपाय धुतो आणि अंधेरी पश्चिमेचा लोखंडवालावाला पाच वाजता चहा पीत बसलेला असतो. गेल्या महिन्यात दोघांची ऑफिसात चांगलीच जुंपली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, मामा, कॉम्प्युटरला सांगू. त्याने सगळ्या सोसायट्या नकाशावर टाकल्या आणि के-मीन्स नावाचं काहीतरी चालवलं. सहा रंगांचे सहा ठिपके-पुंजके आले, फोटो काढून भिंतीला लावावेत असे. मोजले तर एकाच्या वाट्याला ८३ लिफ्ट, एकाच्या वाट्याला २७. वर एका पुंजक्यात अंधेरी पूर्व आणि पश्चिम एकत्र, कारण नकाशावर त्या इमारती समोरासमोर आहेत. मधे रेल्वे आहे हे त्या कॉम्प्युटरला कुणी सांगायचं?

कामाचं वजन सारखं आणि एरिया आटोपशीर, असं दोन्ही एकदम जमवणारी पद्धत आहे का? सॉफ्टवेअर विकत घ्यायची ऐपत नाही, आधीच सांगतो.

सिम्प्लेक्स

पद्धत आहे, जुनी आहे आणि फुकट आहे. भाच्याला रागावू नका. के-मीन्सला फक्त जवळचे ठिपके गोळा करायचे माहीत. प्रत्येकाला सारखं काम मिळालं पाहिजे ही अट त्यात नसतेच. तुम्हाला अटी आधी लिहून मग उत्तर शोधणारं गणित हवंय, म्हणजे पूर्णांकी प्रोग्रॅमिंग. १९६५ मध्ये सिडने हेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मतदारसंघ आखण्यासाठी हाच सांगाडा वापरला होता. मतदारांच्या जागी तुमच्या लिफ्ट, एवढाच फरक.

प्रत्येक सोसायटी आणि प्रत्येक मेकॅनिक अशी जोडी घ्या. तिची किंमत १ किंवा ०: सोसायटी त्याची, किंवा नाही. अट पहिली, प्रत्येक सोसायटी नेमक्या एकाकडे. अट दुसरी, प्रत्येकाचं एकूण काम सरासरीच्या आठ टक्के खाली-वर, त्यापलीकडे नाही. अगदी समान मागू नका. आख्खी सोसायटी इकडे किंवा तिकडे जाते, त्यामुळे काटेकोर समान वाटणी बहुधा निघतच नाही. आणि कमीत कमी काय करायचं, तर मेकॅनिकच्या ठिय्यापासूनच्या अंतराचा वर्ग गुणिले काम, याची बेरीज. वर्ग का? दोन सोसायट्या ३-३ किलोमीटरवर असल्या तर ९ अधिक ९, म्हणजे १८. एक १ वर आणि एक ५ वर असली तर २६. साध्या बेरजेत दोन्ही सहाच. वर्ग केला की लांब लोंबकळणारी एखादी इमारत गणितालाच टोचते.

ठिय्ये ठरवून टाकले, उदाहरणार्थ मेकॅनिकची घरं, तर १४८ गुणिले ६ म्हणजे ८८८ चलं, म्हणजे ० की १ ते ठरवायच्या जोड्या. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं पल्प (यात अटी लिहायच्या) आणि त्याच्यासोबत येणारा सीबीसी सॉल्व्हर (हा उत्तर शोधतो) एवढं सहज सोडवतील. ठिय्येही गणितानेच शोधायचे म्हटलं तर १४८ गुणिले १४८, म्हणजे २१,९०४. तेही होईल, पण आधी सोपं करा.

आणि हो, काम म्हणजे लिफ्टची संख्या नव्हे. तास धरा. भांडणाचं मूळ तिथेच दिसतंय.

लिफ्टवाला जोगेश्वरीकर

घरं! दादा, सहापैकी चौघं नालासोपारा-विरारला राहतात. सगळी लिफ्ट त्यांच्या घरापासून सारखीच लांब. ठिय्या म्हणून स्टेशन धरतो, बाइक तिथेच उभ्या असतात.

तासांचं पटलं. भाच्याला बसवून वर्षभराचं कॉल रजिस्टर उतरवून घेतलं. महिन्याची सर्व्हिसिंग पाऊण तास धरली, त्यात प्रत्येक लिफ्टचे सरासरी कॉल मिळवले. प्रवास सोडून सहा जणांचे तास आले ९६, ८४, ७३, ६२, ५७ आणि ४८. लिफ्ट मात्र सगळ्यांकडे ५२! ९६ वाला कोण ते सांगायला नको. त्याच्याकडच्या निम्म्या कॉलमध्ये मशीन ठीकच असतं. दाराच्या खाचेत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा अडकतो, दार बंद होत नाही, लिफ्ट हलत नाही. चिमट्याने काढायला दोन मिनिटं, पोचायला चाळीस. ज्या बिल्डिंगीत माणसं जास्त, तिथे पिशव्या जास्त.

पार्सलकाका

गणितातलं मला कळत नाही, मी पोरं पाठवतो. एकच सांगतो, सरळ रेघेचं अंतर घेतलंत तर फसाल. आमच्याकडे अंधेरी पूर्वेचं पार्सल पश्चिमेच्या पोराला दिलं होतं, "समोरच तर आहे" म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा रेल्वेवरचा गोखले पूल बंद झाला आणि ते समोरचं घर दुसऱ्या गावात गेलं. एक बाजू सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. आता पूल आहे, पण पावसाळ्यात रेल्वेखालून जाणारा अंधेरी सबवे पाण्याने भरला की सगळी गर्दी त्याच पुलावर.

सिम्प्लेक्स

काका म्हणतात ते सोळा आणे खरं. रस्त्यावरची मिनिटं घ्या. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि त्यावरून रस्त्याचा वेळ काढणारं ओएसआरएम, दोन्ही फुकट. त्यात ट्रॅफिक धरलेला नसतो, तेव्हा मिनिटं तुमच्या अनुभवाने वाढवून घ्या. मिनिटांचे तक्ते दोन काढा: एक कोरड्या दिवसाचा, एक सबवे बंद ठेवून. प्रत्येक जोडीसाठी दोन्हींतला मोठा आकडा वापरा.

सेक्रेटरीबाई, गोरेगाव पूर्व

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. आमच्या बी विंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर एक बोट वर थांबते. जुना मेकॅनिक यायचा, दार उघडून नुसता आवाज ऐकायचा आणि सांगायचा काय झालंय. तो बदलला आणि नव्याला ती समजायला तीन महिने लागले, तोवर आमच्या आजी जिन्याने. तुमच्या गणितात "माणूस बदलला" याला काही किंमत आहे का? नसेल तर घाला.

सिम्प्लेक्स

ताई, घालता येते, आणि घालायलाच हवी. आज ज्याच्याकडे सोसायटी आहे त्याच्याकडून ती काढली तर दंड म्हणून काही आकडा बेरजेत मिळवायचा. दंड वाढवत गेलं की बदल कमी होतात, पण एरिया थोडे वेडेवाकडे राहतात. चार-पाच आकडे लावून बघा आणि मालकाला ठरवू दे.

लिफ्टवाला जोगेश्वरीकर

उशीर झाला, गणपतीत वेळच मिळाला नाही. झालेलं सांगतो.

आधी मी हट्टाने अट घातली की रेल्वे कुणीच ओलांडायची नाही, तीन माणसं पश्चिमेला, तीन पूर्वेला. सॉल्व्हर म्हणाला उत्तरच नाही. भाच्याने कागदावर दाखवलं: पश्चिमेचे एकूण तास २२८, तिघांत ७६. पूर्वेचे १९२, तिघांत ६४. सरासरी ७०, त्याच्या आठ टक्के इकडेतिकडे म्हणजे ६४.४ ते ७५.६. दोन्हीकडे बाहेर. मशीनशी भांडून उपयोग नव्हता.

मग अट सैल केली, एकालाच ओलांडायची मुभा दिली, कोणाला ते सॉल्व्हरवर सोडलं. त्याने गोरेगाव पूर्वेचा माणूस निवडला आणि पश्चिमेच्या १२ तासांच्या सोसायट्या त्याला दिल्या. मी आधी हसलो. मग लक्षात आलं, त्या सगळ्या गोरेगावचं पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या मृणालताई गोरे उड्डाणपुलाच्या तोंडाशी आहेत. त्याला सबवेचं तोंडही बघावं लागत नाही. बाबांना दाखवलं, तर म्हणाले हा पूल आमच्या वहीच्या वेळी कुठे होता.

आता सगळे ६६ ते ७४ तासांत आहेत. बाईंचा दंड लावून १९ सोसायट्यांचाच माणूस बदलला, त्यातल्या दोन मी हाताने परत केल्या. एका ठिकाणच्या चेअरमनला आमचा फक्त एकच मेकॅनिक चालतो, आणि तो चेअरमन कुठल्याही सॉल्व्हरला ऐकणार नाही. लोखंडवालावाला दोन दिवस तोंड पाडून होता.

रविवारच्या ड्युटीला मात्र यातलं काही लागू पडत नाही. एकच माणूस, आख्खा पट्टा, आणि कॉल कुठून येईल सांगता येत नाही. त्याचा वेगळा धागा काढतो, सिम्प्लेक्सदादा, तिकडे या.