पियानोने मुलं हुशार होतात म्हणे!

आगाऊबापूस
पुन्हा तेच ढकलपत्र फिरतंय: "मुलांना पियानोला घाला. बुद्ध्यांक वाढतो, गणित सुधारतं, शिस्त लागते." वाद्य आहे की टॉनिकची बाटली? वर पुरावा म्हणून मोझार्ट चिकटवलेला. १९९३ च्या त्या प्रयोगात मुलं नव्हतीच हो! कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते आणि त्यांनी मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा एक सोनाटा (वाद्यरचना) दहा मिनिटं नुसता ऐकला. घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असल्या कोड्यांत त्यांना जरा जास्त गुण मिळाले. पाव तासात परिणाम ओसरलाही. यावरून घराघरांत पियानो?

मानसशास्त्रज्ञ शेलेनबर्ग यांचा २००४ चा प्रयोग त्यातल्या त्यात बरा. सहा वर्षांची १४४ मुलं; कोणाला कीबोर्ड, कोणाला गाणं, कोणाला नाटक, कोणाला काहीच नाही. वर्षभराने सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला, कारण त्याच वर्षी पहिलीत गेली होती ती. संगीतवाल्यांचा सरासरी ७ गुणांनी, बाकीच्यांचा ४.३. एवढ्यासाठी रोज संध्याकाळी रडारड? वाजवायचंय म्हणून वाजवू द्या की.

डावाहात
सुक्याबरोबर ओलंही जाळताय. मी पियानो शिकवते आणि बुद्ध्यांकाचं नाव काढून एकही विद्यार्थी मिळवलेला नाही. व्हायोलिनवर सुरात एक स्वर लागायला मूल किती झगडतं बघा. पियानोची पट्टी दाबली की पहिल्या दिवशीच स्वर जागेवर (वाद्य सुरात लावलेलं असेल तर; ते एक वेगळंच रडगाणं). मग खरी गंमत: नोटेशनच्या दोन ओळी एकदम वाचायच्या, वरची बहुधा उजव्याला, खालची डाव्याला, आणि डाव्याने संथ चालायचं असताना उजव्याने पळायचं. माझ्याकडे एक मुलगी होती, चुकली की हात मांडीवर घेऊन गप्प बसायची. आता चुकते आणि पुढचं माप (तालाचा पुढचा तुकडा) पकडते. हे तुमच्या कुठल्या तक्त्यात बसतं?

आगाऊबापूस
एका मुलीवरून सिद्धांत? २०२० मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले, जवळपास सात हजार मुलं. जिथे तुलनेच्या गटालाही काहीतरी शिकवलं होतं, तिथे फायदा जवळजवळ शून्य.

डावाहात
स्मरणशक्ती आणि परीक्षेतले गुण मोजले त्यांनी. मी पुढच्या मापाबद्दल बोलतेय. वाचून उत्तर द्या.

नाट्यवेडा
शेलेनबर्गच्याच प्रयोगात नाटकाच्या गटातली मुलं चारचौघांत वागायला सुधारली, संगीतवाली नाही. हे ढकलपत्र कोणी का काढत नाही? बाकी चालू द्या.

वैतागलेलीआई
बुद्ध्यांक राहू द्या हो बाजूला. पियानोच्या त्या ग्रेडच्या, म्हणजे पायरीपायरीच्या परीक्षांवर कोणी बोलणार आहे का? माझा मुलगा पाचवी ग्रेड पास. पाहुण्यांनी साधं एखादं गाणं वाजव म्हटलं तर म्हणतो, "नोटेशन कुठंय?" वर्षभर परीक्षेचे तेच तीन पीस (रचना). घरातल्या सगळ्यांना पाठ झालेत, मला तर झोपेतही ऐकू येतात. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणे, "निकाल बघा ना."

तालमापक
परीक्षा नसेल तर पोरं पियानोवर कपडे वाळत घालतील. आम्हाला कोणी लाड करून शिकवलं नाही, म्हणून आज वाजवतोय.

वैतागलेलीआई
वाजवताय की अजून परीक्षाच देताय?

तालमापक
ताई, वैयक्तिक होऊ नका. मूल आळशी असेल तर त्यात परीक्षेचा काय दोष?

वैतागलेलीआई
आळशी? माझ्या मुलाला? तुम्ही पाहिलंय त्याला?

डावाहात
अहो थांबा दोघेही. परीक्षेत कान आणि वाचन दोन्ही तपासतात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाची प्रॅक्टिकल ग्रेड घ्या: स्केल्सना (स्वरांचे चढ-उतार) २१, साइट रीडिंगला (न पाहिलेलं नोटेशन वाचून वाजवणं) २१, कानाच्या चाचणीला १८. पीस सोडून बाकीही शिकवावंच लागतं.

काठावरपास
आणि तीन पिसांना प्रत्येकी ३०. म्हणजे दीडशेतले ९०. पास व्हायला १०० लागतात आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हायची अट नाही. पीस घोटून घ्या, स्केल्स बऱ्या करा, वाचन आणि कान कच्चे ठेवूनही प्रमाणपत्र हातात. माझ्याकडे आहे तसलं एक. भिंतीवर छान दिसतं.

डावाहात
हं. या हिशोबावर माझ्याकडे उत्तर नाही, पण दोष तो हिशोब करून शिकवणाऱ्याचा आहे. मी नव्या पुस्तकातले सोपे पीस दर आठवड्याला वाचायला लावते. त्यावर पालक येऊन विचारतात, "हे परीक्षेला आहे का?" त्यांना काय सांगू?

आगाऊबापूस
धागा पियानोच्या फायद्यांचा होता, आठवण करून देतो. पण बघा, परीक्षेसाठी वाजवा किंवा बुद्ध्यांकासाठी वाजवा, वाजवण्यासाठी वाजवणारं कोणी दिसतंय का इथे? त्या मुलीचं पुढचं माप मात्र तुम्हाला दिलं, डावाहात. टॉनिकच्या जाहिरातीत नाही, एवढीच अट.

डावाहात
उपकार झाले. वैतागलेलीआई, मुलाला एक सांगा: पुस्तक बंद करून, फक्त उजव्या हाताने, ओळखीची एखादी चाल पट्ट्यांवर शोधायची. चुकू दे. डाव्या हाताचं नंतर बघू. आणि शेजारी उभ्या राहू नका.

वैतागलेलीआई
सांगते. पहिला प्रश्न येणार: "ही कुठल्या ग्रेडची?"

तालमापक
पहिलीची म्हणा. बसेल वाजवायला.