हॉस्पिटल चांगलं की वाईट, तुम्ही कशावरून ठरवता? अनुभव येऊ द्या

कापूरबावडीकर

काल सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय, घोडबंदरला कुठलं हॉस्पिटल बरं? झालं. पार्किंग आहे, कॅन्टीन स्वच्छ आहे, लॉबी एकदम हॉटेलसारखी, रेटिंग 4.8. रात्री बेल मारली तर कोण येतं, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

मला सासरे आठवले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ठाण्यातलंच नावाजलेलं हॉस्पिटल. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएचं (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) अप्रूव्हल येईना. बाबा सकाळपासून पँट-शर्ट घालून बसलेले, हातात व्हेनफ्लॉन (सलाईनची सुई) तशीच. तेवढ्यात ब्लेझर घातलेली एक मुलगी टॅब घेऊन आली. "काका, छोटासा फीडबॅक." स्क्रीनवर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. बाबांचा चष्मा बॅगेत गेलेला, त्यांनी टॅब लांब धरला, तर तिनेच हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "बरोबर ना काका?" बाबा म्हणाले, बरोबर. फाईल अजून हॉस्पिटलच्याच ताब्यात होती, दुसरं काय म्हणणार माणूस?

आणि आदल्या रात्री सलाईन बदलताना सिस्टर मला हळूच म्हणाली होती, "ताई, बेल मारून वाट बघू नका, सरळ काउंटरवर या. आज अख्ख्या मजल्याला आम्ही दोघीच आहोत, त्यात ही नवीन आहे." माझ्या लेखी खरा फीडबॅक तो.

तर लिहा. पेशंट, नातेवाईक, आणि सिस्टर-ब्रदर मंडळी असाल तर जरूरच. हॉस्पिटलांची नावं नकोत, भांडणं होतात.

रात्रपाळी

वाशीला आयसीयूत आहे, ट्रेनमध्ये उभ्याने टाइप करतेय, चूभूद्याघ्या. ओळखीचे सगळे विचारतात कुठे ॲडमिट करू. मी उलटं विचारते, तिथे सिस्टर टिकतात का? दर सहा महिन्यांनी सगळे चेहरे नवे असतील तर समजून जा. आणि तिथल्या सिस्टर स्वतःच्या आईला तिथेच आणतात का? माझ्या आधीच्या ठिकाणी स्टाफला डिस्काउंट असूनही कुणी आणत नसे.

अजून एक, ड्युटी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, कुठे देतात ते बघा. बेडजवळ उभं राहून दिली तर ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी-पिशवी) किती भरला, सलाईनची जागा सुजलीय का, पाठ लाल झालीय का, दोघींच्या डोळ्यांसमोर असतं. काउंटरवर बसून दिली की फाईलची ओव्हर होते, पेशंटची नाही. सानपाडा आलं, बाकी नंतर.

खारीबिस्कीट

आमच्याकडे कॅन्टीनचा उपमा फार छान होता. बाकी काही आठवत नाही, भूल दिली होती.

नेरूळची आत्या

रात्रपाळी, अगदी अगदी! आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा केरळची एक सिस्टर होती, सगळे तिला चेची म्हणजे ताई म्हणायचे. मराठी मोडकंतोडकं. छातीला टाके, हे खोकायलाच घाबरायचे. आणि नाही खोकलं की कफ साठतो म्हणे. तर तिने उशी छातीशी घट्ट कवटाळायला लावली, वरून स्वतःचा हात ठेवला आणि "आजोबा, आता काढा खोकला, घाबरू नाही." पुन्हा तासा-दोन तासाने हजर. हे चिडायचे तिच्यावर! घरी आल्यावर दिराने रिव्ह्यू लिहिला, "डॉक्टर म्हणजे देवमाणूस." डॉक्टर चांगलेच होते हो, पण पाच मिनिटं यायचे. चेचीचं नाव आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. कुकर लावलाय, येते.

कळव्याचा पोपट

रिव्ह्यूंवर काय जाता. आमच्या इथल्या एका हॉस्पिटलला पाच स्टार देणारे निम्मे तिथेच रिसेप्शनला बसतात. आणि एक स्टार का? "रिक्षा गेटच्या आत सोडत नाहीत." दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

खारीबिस्कीट

पण खरंच सोडत नाहीत! पाय प्लॅस्टरमध्ये असताना गेटपासून लंगडत गेलोय.

जर्सीकर, मूळ नौपाडा

इकडे अमेरिकेत एचकॅप्स नावाचा सर्व्हे असतो. डिस्चार्जनंतर 48 तास ते 6 आठवडे या काळात निवडक पेशंटना विचारतात, म्हणजे माणूस घरी स्वतःच्या पलंगावर असतो, समोर टॅबवाली नसते. प्रश्न पण बघा: नर्स आदराने वागल्या का, नीट ऐकून घेतलं का, कळेल असं सांगितलं का, नवं औषध देताना ते कशासाठी हे सांगितलं का, रात्री खोलीच्या आसपास शांतता होती का. उत्तरं नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, कधीच नाही. 2008 पासून निकाल सगळ्यांना बघायला खुले आहेत. आईला मी प्रश्न मराठीत वाचून दाखवले तर म्हणाली, "चहाचा प्रश्न कुठाय?"

कापूरबावडीकर

हाहा, काकूंना दंडवत. शांततेचा प्रश्न आपल्याकडे विचारायलाच हवा. बाबांच्या मजल्यावर रात्री दोनला लादी पुसायचं मशीन फिरायचं.

फाईलबहाद्दर

एका हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात होतो, आता सोडलंय म्हणून मोकळेपणी लिहितो. तो टॅब कुठून आला? एनएबीएचसाठी, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेसाठी, पेशंटचं समाधान मोजून दाखवावं लागतं. मोजणं चांगलंच आहे, पण दर महिन्याला आकडा वरच जायला हवा असं ठरलं की मग त्या मुलीचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर जाणारच. तिचं इन्सेन्टिव्ह त्यावर.

आणि तक्रारीचं काय होतं? "सिस्टर उद्धट बोलली" असं आलं की सिस्टरला मेमो. त्या रात्री तिच्याकडे किती पेशंट होते ते कुणी बघत नाही. मी एकदा तक्रारी आणि ड्युटी रोस्टर शेजारी शेजारी ठेवले. उद्धटपणा नेमका रविवारी आणि नाईटला वाढायचा! मीटिंगमध्ये दाखवलं तर उत्तर मिळालं, "सॉफ्ट स्किलचं ट्रेनिंग ठेवू."

हे काही माझं संशोधन नाही. 2002 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या पेशंटांमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्सेसना प्रश्नावली पाठवूनच कुणाकडे किती पेशंट ते काढलं होतं. त्यांचं थकून जाणंही त्यातच मोजलं, तेही पेशंटच्या संख्येबरोबर वाढत होतं. आपल्याकडे स्टाफला विचारतात, पण फॉर्मवर एम्प्लॉयी कोड लिहावा लागतो. आमच्याकडे तरी असंच होतं.

रात्रपाळी

एम्प्लॉयी कोड! आमच्याकडे पण! एकीने खरं लिहिलं, पुढच्या महिन्यात तिला सलग नाइट. आता सगळ्या "व्हेरी गुड" लिहितो आणि घरी जातो.

जर्सीकर, प्रश्न छान आहेत पण एक सांगू? गोड बोलणं वेगळं आणि नर्सिंग वेगळं. आमच्या वॉर्डातली सगळ्यात खडूस सिस्टर पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवते, नातेवाइकांवर ओरडते. तिच्या पेशंटला बेडसोअर झालेला मी पाहिला नाही. तिच्या नावाने तक्रारी मात्र ढीगभर.

घणसोलीची मी

सगळं खासगीचंच चाललंय. बहिणीची डिलिव्हरी महापालिकेच्या हॉस्पिटलात झाली. गर्दी म्हणू नका, आणि संडासाबद्दल मी बोलणारच नाही, जेवत असेल कोणीतरी. पण बाळ दूध ओढेना तेव्हा सिस्टर मांडी घालून बेडवर बसली, बाळाची मान धरून परत परत लावत राहिली. "पावडरच्या दुधाचा डबा देऊ का?" विचारलं तर डोळे वटारले. यातलं कुठल्या फॉर्ममध्ये काय लिहायचं? स्वच्छता शून्य, सिस्टर शंभर.

सरकारीसाठी केंद्राचं 'मेरा अस्पताल' आहे, 2016 पासून. मोबाईल नंबर नोंदवला की मेसेज येतो, समाधानी आहात का, नसाल तर कारण काय. गावाला जिल्हा रुग्णालयात दाखवल्यावर काकांना आला होता. त्यांनी लोनवाल्यांचा समजून डिलीट केला.

कळव्याचा पोपट

काका बरोबर आहेत. मी बँकेचाही डिलीट करतो.

नेरूळची आत्या

भात झाला. एक राहिलं, 2021 च्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायचे असं आहे. आमच्या इथे सनद होती, पण पुढे हा मोठा मनीप्लांट! मी कुंडी सरकवून वाचली तर वॉचमन धावत आला.

कापूरबावडीकर

आत्या, फोटो काढला असता ना!

सेक्टर सतरा

रच्याकने (जाता जाता), ठाणे स्टेशनजवळ चांगला डेंटिस्ट कुणी सुचवेल का? अक्कलदाढ आहे, रात्रभर झोप नाही.

फाईलबहाद्दर

विपू केलीय, तुमच्या पानावर निरोप ठेवलाय. मी त्यांच्याकडेच जातो.

सेक्टर सतरा

धन्यवाद. रात्रपाळी ताईंच्या नियमाने विचारतो, असिस्टंट टिकतात का?

फाईलबहाद्दर

त्यांची बायकोच असिस्टंट आहे. आधी फोन करून जा, गुरुवारी बंद असतं.