वॉल्टर टल : पोरांना नेमकं काय सांगू?

टिळकवाडी_कोच
नमस्कार मंडळी. लेले ग्राउंडवर संध्याकाळी आमची पोरं फुटबॉल खेळतात. त्यातली निम्मी पहाटे भरतीसाठी पळतात. घरी सारखं ऐकून घ्यावं लागतं, "बॉल सोड, भरतीचं बघ." म्हणून रविवारी त्यांना इंग्लंडच्या वॉल्टर टल या काळ्या फुटबॉलपटूची गोष्ट सांगणार आहे. तो लंडनच्या टॉटनहॅम क्लबकडून खेळला, पहिल्या महायुद्धात अधिकारी झाला, १९१८ मध्ये मारला गेला, एवढं मला ठाऊक आहे. अडलंय ते दोन ठिकाणी. खेळाडू म्हणून तो खरंच मोठा होता, की नाव झालं ते सैन्यामुळे? आणि 'पहिला काळा व्यावसायिक फुटबॉलपटू' असं सांगू का? पोरं लगेच मोबाईलवर तपासतात.

खानापूर_हाफबॅक
'पहिला' म्हणू नका सर. आर्थर व्हार्टन त्याच्या आधीचा. आक्रात (आजच्या घानात) जन्मलेला गोलकीपर, १८८९ मध्ये रॉदरहॅमकडून व्यावसायिक झाला. त्यानंच १८८६ मध्ये १०० यार्ड १० सेकंदांत पळून इंग्लंडची स्पर्धा जिंकली होती. तुमच्या पळणाऱ्या पोरांना हे नक्की सांगा.

टलचा खेळ मोठाच होता. जन्म १८८८, फोकस्टन. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटमधली. तो दहा वर्षांचा व्हायच्या आत दोघंही गेले आणि वॉल्टर व त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं, तो पुढे दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला. छपाईचं काम शिकला आणि क्लॅप्टनकडून हौशी फुटबॉल खेळू लागला. १९०९ मध्ये क्लॅप्टननं हौशी संघांचा एफए कप जिंकला आणि त्याच वर्षी टॉटनहॅमनं त्याला घेतलं, अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावरही नेलं.

त्याच ऑक्टोबरात ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून इतक्या घाण शिव्या दिल्या की एका वार्ताहरानं त्यावर संतापून लिहिलं. मैदानावरचा सर्वांत चांगला खेळाडू तोच होता, हेही त्यानं लिहिलं. तरी थोड्याच दिवसांत टल राखीव संघात गेला. टॉटनहॅमकडून लीगचे सामने जेमतेम १०, गोल २. हे वाचलं की मला आजही राग येतो. १९११ मध्ये मॅनेजर हर्बर्ट चॅपमननं त्याला नॉर्थहॅम्प्टन क्लबला नेलं. तेच चॅपमन, ज्यांनी पुढे आर्सेनल घडवलं. तिथं टल हाफबॅक म्हणून, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधल्या फळीत, शंभरावर सामने खेळला. मी स्वतः हाफबॅक खेळतो, त्यामुळे सांगतो, त्या जागेवरचा खेळाडू गोलांवरून मोजायचा नसतो.

निवृत्त_सुभेदार
मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. आता गावी शेती बघतो. फौजेचं मी सांगतो.

डिसेंबर १९१४ ला टल मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७ व्या बटालियनमध्ये भरती झाला. ती फुटबॉलवाल्यांचीच पलटण. साधा शिपाई म्हणून गेला आणि सार्जंट झाला. फ्रान्समधली सोमची लढाई बघितली, खंदकातल्या तापानं आजारी पडून परत आला. तेव्हाच्या लष्करी नियमांत अधिकारी 'शुद्ध युरोपीय वंशाचा' हवा असं होतं. तरी त्याला स्कॉटलंडला ट्रेनिंगला पाठवलं आणि ३० मे १९१७ ला तो सेकंड लेफ्टनंट झाला. शिफारस वरिष्ठांकडूनच लागते की ओ! ज्यांनी त्याला खंदकात बघितलं, त्यांनी नियमापेक्षा माणूस बघितला.

आपलं त्या वेळी काय होतं, तेही पोरांना कळू दे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. पण आपला माणूस सुभेदार-मेजर झाला तरी काल आलेल्या इंग्रज लेफ्टनंटच्या खालीच. लढाऊ शाखेत किंग्ज कमिशन, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यासारखं अधिकारीपद, ऑगस्ट १९१७ मध्ये मिळालं, तेही नऊच भारतीयांना. मी स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून हे मला लागतं.

आता इटली. जानेवारी १९१८, पियावे नदी. टल २६ जवान घेऊन रात्री नदी ओलांडून शत्रूच्या बाजूला गेला, जोरदार गोळीबारात काम केलं आणि सगळ्यांना जिवंत परत आणलं. डिव्हिजनच्या जनरलनं त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी नोंद केली. गस्तीची तुकडी नेलेल्या माणसाला विचारा, गोळी चालू असताना अंधारात, थंड पाण्यातून माणसं मोजून परत आणायची म्हणजे काय असतं. त्याच इटलीत दुसऱ्या महायुद्धात आपले नामदेव जाधव सेनिओ नदीवर जखमींना पाठीवर घेऊन परत आले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

२५ मार्च १९१८ ला फ्रान्समध्ये, फाव्ह्रईजवळ टल पडला. बिलिंगहॅम नावाच्या शिपायानं, जो लेस्टरचा गोलकीपर होता, त्याला ओढून आणायचा प्रयत्न केला. जर्मन पुढे येत होते, जमलं नाही. मृतदेह सापडलाच नाही. नाव अरासच्या स्मारकावर आहे.

टिळकवाडी_कोच
सुभेदार साहेब, फार मोठं काम केलंत. एकच विचारतो. मिलिटरी क्रॉस मिळाला का? काही ठिकाणी 'मिळाला' म्हणून लिहिलंय.

निवृत्त_सुभेदार
नाही. एडवर्डला आलेल्या पत्रात शिफारस झाल्याचं लिहिलं होतं, पण पदक मिळालं नाही. ते द्यावं म्हणून इंग्लंडमध्ये लोक अजून मागणी करतात. आणि सार्जंट होता हे गाळू नका. पोरांना थेट अधिकारी झाला असं वाटायला नको.